टिलँड्सिया झेरोग्राफिका: खालची पानं मऊ पडताहेत, पावसाळ्याआधी काय करावं?

कौमुदी_ठाणे

नमस्कार मंडळी. मातीविना वाढणाऱ्या टिलँड्सिया झेरोग्राफिकाबद्दल विचारायचं आहे. सगळी माहिती एकदमच देते.

रोप साधारण २० सेंमी रुंद. जागा ठाण्यात, आठव्या मजल्यावर, पूर्वेच्या गॅलरीलगतची खोली. काचेच्या गोल भांड्यात ठेवलं आहे, भांड्याचं तोंड एका बाजूला आणि जेमतेम १० सेंमी. तळाला पांढरे खडे, त्यावर मॉस. विकणाऱ्याने "रोज दोनदा फवारा मारा, हवेवरच जगतं" असं सांगितलं होतं, त्याप्रमाणे चालू आहे. पाणी सोसायटीच्या टाकीचं, त्यात बोअरचं मिसळलेलं असतं.

आता खालच्या दोन पानांचे बुडखे तपकिरी आणि ओलसर झालेत. एक पान नुसतं धरलं तर हातात आलं. वरच्या काही पानांची टोकंही वाळली आहेत, पण ती कडक आहेत. शिवाय सगळ्या पानांवर पांढरट पुटं दिसतात, ती पुसून जात नाहीत.

हे पाणी जास्त झाल्याचं लक्षण की कमी? एकाच झाडावर दोन्ही कसं दिसतं? पावसाळा तोंडावर आहे, त्यात ते बाहेर ठेवायचं की आत?

काटेसावर

कौमुदीताई, आधी गाभा तपासा, बाकीचं मग. मधली चार-पाच कोवळी पानं एकत्र चिमटीत धरून हलकेच वर ओढा. घट्ट बसलेली असतील तर झाड वाचलं. सुटून आली आणि बुडाशी तपकिरी चिखल दिसला, तर मधला कोंब गेला म्हणून समजा. तरीही टाकून देऊ नका, कधीकधी खालच्या बेचक्यातून पिल्लू, म्हणजे नवं रोप, येतं.

गाभा घट्ट असेल तर आजच एवढं करा:

खडे आणि मॉस काढून टाका. मऊ पडलेली पानं बुडखा धरून बाजूला ओढा म्हणजे मुळापासून सुटतील. अर्धवट कापून ठेवू नका, उरलेला तुकडाच पुढे कुजतो. आतला भाग पांढरट-हिरवा आणि टणक लागेपर्यंत काढत जा, त्यापुढे थांबा. मग झाड उलटं टांगून पंख्याखाली दोन-तीन दिवस कोरडं राहू द्या. पुढचा आठवडाभर पाण्याचा थेंबही नको. एवढ्या उपासाने हे झाड मरत नाही. पावडर, हळद वगैरे काही लावायची गरज नाही, वारा पुरेसा आहे.

वाळलेली, कडक टोकं हा वेगळा विषय. तिथे झाड तहानलेलं आहे. एकाच झाडावर दोन्ही दिसण्याचं कारण तुमचा फवारा. बारीक तुषारांनी पानाचा वरचा भाग जरा ओला होतो आणि झाडाच्या पोटात काही जायच्या आत सुकतो. घरंगळणारं थोडं पाणी मात्र रोज दोनदा बेचक्यात उतरतं आणि खालच्या मॉसमुळे तिथेच राहतं. म्हणजे टोकाला तहान, बुडाला डबकं.

"हवेवर जगतं" हे वाक्य खरंच बंद व्हायला हवं. हे झाड हवेत राहतं, पण पाणी त्याला पाण्यासारखंच लागतं, फक्त ते पानांनी पितं. मुळं केवळ फांदीला धरून राहण्यापुरती. पानावर जी चंदेरी राख फासल्यासारखी दिसते ती धूळ नव्हे, ते खवले आहेत, ट्रायकोम म्हणतात त्यांना. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक खवला मधे चकती आणि भोवती पारदर्शक झालर असा दिसतो. कोरडा असताना झालर उचललेली असते, ऊन परतवते. पाणी पडलं की ती पानाला चिकटून बसते, चकतीतून पाणी आत शिरतं, आणि पुन्हा वाळली की आतलं पाणी सहज बाहेर पडू शकत नाही.

याचा थेट उपयोग असा: पाण्यात घातलं की झाड चंदेरीचं हिरवं होतं आणि सुकलं की पुन्हा चंदेरी. पाणी दिल्यावर ४ तासांत सगळं झाड, बेचक्यांसकट, चंदेरी झालं पाहिजे. नसेल होत तर पाण्याचं प्रमाण बदलण्याआधी जागा बदला.

ते काचेचं भांडं तर लगेच रिकामं करा. १० सेंमी तोंडातून आत वारा खेळतच नाही.

माळरान_सोलापूर

काटेसावर यांच्याशी सहमत. पाण्याची पद्धत नेमकी लिहितो.

बादलीत किंवा टबात झाड पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या. झेरोग्राफिकाला १० ते १५ मिनिटं पुरतात. आयोनांथासारख्या छोट्या जातींना अर्धा तास चालतो, तो आकडा हिला लावू नका, हिची पानं बुडाशी रुंद असतात आणि एकमेकांवर वाटीसारखी बसतात. बाहेर काढलं की बुडखा धरून उलटं करा आणि तीन-चार वेळा झटका. मग उलटंच एखाद्या जाळीवर ठेवा. पहिल्या झटक्याला किती पाणी निघतं ते पाहिलं की ते बेचक्यात राहिलं असतं तर काय झालं असतं हे कळतं.

वेळ सकाळची, ९ च्या आत. संध्याकाळी नको, कारण ही झाडं अननसासारखी आहेत (अननसाच्याच कुळातली) आणि त्यांची पर्णरंध्रं रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन साठवायचा आणि दिवसा दारं बंद करून वापरायचा, अशी त्यांची रीत. रात्री पानावर पाण्याचा थर असेल तर त्यांचा श्वासच कोंडतो.

किती दिवसांनी? याला एक उत्तर नाही. सोलापूर, नागपूर, जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर आणि हवा कोरडी ठक्क, तिथे आठवड्यातून दोनदा बुडवावं लागतं. मुंबई-ठाण्यात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. हिवाळ्यात १० दिवसांनी. अंदाज बसत नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. बुडवून, झटकून, पूर्ण चंदेरी झाल्यावर वजन घ्या आणि कागदावर लिहा. त्यातून दहा टक्क्यांच्या आसपास घट झाली की पुढचं पाणी. दोन-तीन आवर्तनं झाली की त्या ऋतूचं अंतर आपोआप कळतं. पानांकडे पाहूनही समजतं: तहानलेली झेरोग्राफिका पानं जास्तच आत वळवते आणि पानाला उभी पन्हळ पडते. नर्सरीतल्या काही रोपांचे सुंदर कुरळे घेर असतात ना, त्यातले काही निव्वळ तहानेचे असतात.

पांढऱ्या पुटांचं कारण बोअरचं पाणी. आपल्याकडे काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बरेचदा क्षारयुक्त असतं. ते क्षार खवल्यांवर बसतात आणि पाणी प्यायची वाटच बुजते. पालिकेचं तलावाचं पाणी चालतं, रात्रभर उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडेल. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम, पण पहिले दोन-तीन पाऊस पत्र्यावरून वाहून जाऊ द्या आणि मग प्लास्टिकच्या पिंपात साठवा. आरओ यंत्राचं शुद्ध पाणीही चालेल, मात्र त्याच्या सांडपाण्याच्या नळीतलं अजिबात नको, त्यात सगळे क्षार दाट होऊन उतरतात. वॉटर सॉफ्टनरचं पाणीही नको, त्यात सोडियम असतो. जुनी पुटं घासून काढू नका, खवलेही निघतील. तलावाच्या नाहीतर पावसाच्या पाण्यात बुडवत राहिलात की नवी पानं स्वच्छ येतील, तेवढं बस.

कौमुदी_ठाणे

दोघांचेही मनापासून आभार. गाभा घट्ट आहे! एकूण तीन पानं काढली, आतला भाग टणक आणि फिकट हिरवा लागला. आता उलटं टांगून पंख्याखाली ठेवलं आहे.

पुढचं सांगाल का: काचेचं भांडं गेलं तर ठेवायचं कशावर? आणि पावसाळ्यात गॅलरीत चालेल का? पुष्कळ ठिकाणी वाचलं की पावसाचं पाणी या झाडांना अमृत असतं.

रानजाई

ताई, "अमृत" किती मिळतं यावर सगळं आहे. झेरोग्राफिकाचं मूळ घर दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर आणि होंडुरास. तिथल्या रखरखीत काटेरी रानांत, समुद्रसपाटीपासून १४० ते ६०० मीटर उंचीवर, झाडांच्या सर्वांत वरच्या फांद्यांवर ती वाढते. तापमान २२ ते २८ अंश, हवेतला दमटपणा ६० ते ७२ टक्के आणि वर्षाचा पाऊस ५५० ते ८०० मिमी. म्हणजे पावसाच्या हिशेबाने अहिल्यानगर-सोलापूर. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात ८०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तिचा वर्षाचा पाऊस तुमच्याकडे एका महिन्यात कोसळतो, आणि त्या महिन्यात वाळायला ऊनही नसतं.

म्हणून कोकणपट्टीत जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत झाड छताखाली हवं. नुसतं छत नव्हे, झड आणि पागोळ्याही लागता कामा नयेत. गॅलरीचं आतलं टोक, वाऱ्याच्या वाटेवर, बरं. खोलीत ठेवलंत तर पंखा लागतो. या चार महिन्यांत १५-२० दिवसांनी एकदा, उघडीप असलेल्या सकाळी बुडवा, झटका आणि पंख्याखाली उलटं वाळवा. सलग झड लागली असेल तर तो फेरा चुकवा, काही बिघडत नाही. पाणी पूर्ण बंद मात्र करू नका. दमट हवेने झाडाची तहान कमी होते, भागत नाही.

पुण्याच्या पूर्वेला आणि मराठवाड्यात चित्र वेगळं आहे. तिथे पाऊस तासभर येतो, मग ऊन आणि वारा. अशा पावसात उघड्यावर राहिलेलं झाड तजेलदार होतं. फक्त तिरकं टांगलेलं हवं.

या तिरकेपणाला फार महत्त्व आहे. झेरोग्राफिका सपाट, तोंड आकाशाकडे करून ठेवली की प्रत्येक पानाची वाटी होते. ४५ अंशांत किंवा सरळ बाजूला तोंड करून बांधली की पाणी आपोआप गळतं.

बैठकीसाठी सोपा उपाय: अडीच-तीन मिमी जाडीच्या अॅल्युमिनियमच्या तारेची चुंबळ करा, हंड्याखाली असते तशीच, झाडाच्या बुडाच्या मापाची, ८-१० सेंमी. तिला तीन तारा लावून शिंक्यासारखी टांगा, एक तार जरा आखूड ठेवा म्हणजे झाड आपोआप तिरकं बसेल. खालून, वरून, चारी बाजूंनी वारा. लाकडावर बसवायचं असेल तर सागाची किंवा बाभळीची वाळकी फांदी घ्या आणि बुडाजवळ तंगुसाचे दोन-तीन वेढे द्या. मुळं लाकूड धरायला कित्येक महिने घेतात, तोवर तंगूस ढिला करू नका. मधे काथ्या, नारळाच्या शेंड्या, मॉस काही भरू नका. दिसायला छान दिसतं, पण बुडाला कायमचं ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं. किनाऱ्यावर मिळालेलं लाकूड असेल तर आठ-पंधरा दिवस रोज पाणी बदलत भिजवा, मीठ निघालं पाहिजे.

उजेड भरपूर लागतो. तुमची पूर्वेची गॅलरी उत्तम, सकाळी १० पर्यंतचं ऊन थेट घेऊ द्या. गच्चीवर ५० टक्क्यांची शेडनेट. पण चार महिने घरात राहिलेलं झाड एकदम उन्हात नेलंत तर पानावर पांढरे-तपकिरी चट्टे पडतील आणि ते कधीच भरून येत नाहीत. रोज अर्धा-पाऊण तास वाढवत दोन आठवड्यांत सवय लावा. बंद काचेमागचं पश्चिमेचं ऊन सर्वांत वाईट, तिथे पान अक्षरशः शिजतं.

आमराई

वरच्या प्रतिसादांत तांब्याचा उल्लेख राहिला आहे, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. टिलँड्सियाला तांबं विषासारखं आहे. पानांवरचे खवले पाण्यासोबत येणारं सगळं आत घेतात, निवड करत नाहीत.

त्यामुळे:

जुन्या मोटारीची किंवा वायरिंगची तांब्याची तार बांधायला वापरू नका. जस्ताचा मुलामा असलेली जीआय तारही टाळा, ओलाव्यात तिचं जस्त उतरतं. भिजवायचं पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नका. बुरशीनाशक म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड नको, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तर मुळीच नको. कोकणात सुपारीच्या बागेत कोळे रोगासाठी पावसाआधी आणि पावसात १ टक्का बोर्डो फवारतात. सुपारीच्या खोडाला टिलँड्सिया बांधण्याची हौस हल्ली दिसते. बागेत फवारणी होणार असेल तर त्याआधी झाडं उतरवून लांब न्या. नुसतं प्लास्टिक गुंडाळून भागणार नाही, वरून ठिबकणारं पाणीही नंतरचे कित्येक पाऊस तांबं घेऊनच उतरतं.

खत थोडं लागतं. बाजारातलं विद्राव्य १९:१९:१९ चालतं. एक लिटर पाण्याला पाव ग्रॅम, म्हणजे पाकिटावर कुंडीसाठी लिहिलेल्या मात्रेच्या फार तर चौथाई. महिन्यातून एकदा, ऑक्टोबर ते मे, आणि नेहमीच्या बुडवण्याच्या पाण्यातच. पुढच्या वेळी साधं पाणी. पाकिटावर सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या यादीत तांबं असेल तर ते पाकीट दुसऱ्या झाडांना वापरा. शेणाची स्लरी, जीवामृत, ताक यांचा साका बेचक्यात बसून कुजतो, मातीतल्या झाडांना ते गुणकारी असलं तरी इथे नको.

कीड क्वचित पडते. पडलीच तर बहुधा पिठ्या ढेकूण, बेचक्यात कापसाचा ठिपका दिसतो. कानकोरणीचा कापूस ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून नेमका त्या ठिपक्याला लावा, दहा मिनिटांनी साध्या पाण्यातून काढा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. कडुलिंबाचं तेल फवारू नका. ते खवल्यांवर पसरतं आणि क्षारांसारखंच पाण्याची वाट बंद करतं.

काटेसावर

आमराई, बोर्डोचा मुद्दा फार मोलाचा. आणि कुणी "हे बांडगूळ आहे, आंब्याला बांधू नका" म्हणालं तर त्यांना सांगा, बांडगूळ मुळं फांदीत घुसवून तिचा रस पितं. ही अपिवनस्पती आहे, आपल्या सह्याद्रीतल्या आमऱ्यांसारखी (ऑर्किडसारखी), फांदीचा फक्त आधार घेते.

टिलँड्सिया या नावाचीही गंमत सांगतो. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने हे नाव फिनलंडमधल्या तुर्कूच्या विद्यापीठातले वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक एलियास टिलँड्झ यांच्यावरून दिलं. समुद्रप्रवास इतका बाधला की परतताना ते बोथनियाच्या आखाताला जमिनीवरून वळसा घालून घरी गेले, म्हणून आडनावच 'टिल-लांड्स', म्हणजे जमिनीवरून, असं घेतलं अशी आख्यायिका आहे. या झाडांनाही पाणी सोसत नाही अशी लिनियसची समजूत होती. समजूत अर्धीच बरोबर. पाणी सोसतं, साचलेलं सोसत नाही.

पाचोळा

मीही वाचते आहे, एक शंका. फुलल्यावर झाड मरतं ना? मग फूल येऊ न देणं चांगलं का?

रानजाई

फुलल्यावर मूळ झाड नवी पानं काढणं थांबवतं, पण लगेच मरत नाही. पुढचं वर्ष-दोन वर्षं ते पिल्लांना पोसण्यात घालवतं. फूल न येऊ देणं आपल्या हातात नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. झेरोग्राफिका फार संथ वाढते, फुलायला वर्षानुवर्षं घेते, आणि मग मधून जाड हिरवा दांडा वर येतो, त्यावर लालसर सहपत्रं, पोपटी कणसं आणि त्यातून जांभळट नळीसारखी फुलं. एकेक फूल थोडेच दिवस टिकतं, पण रंगीत कणीस कित्येक महिने तसंच राहतं. फुलोऱ्यावर पाणी साचू देऊ नका, झाड बुडवताना दांडा बाहेर ठेवा.

दांडा पूर्ण वाळला की बुडापासून कापा. खालच्या बेचक्यांतून एक ते चार पिल्लं डोकावतात. पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं तरी होईपर्यंत हात लावू नका, निम्म्याएवढं झालं तर आणखी बरं. काढताना आईला एका हातात घट्ट धरा, दुसऱ्या हाताने पिल्लू अगदी बुडाशी पकडून खाली आणि बाहेर दाबा, टक् असा आवाज होऊन सुटतं. सुटत नसेल तर स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने आईच्या बाजूने कापा, पिल्लाच्या बुडाला धक्का नको. जखम दोन दिवस वाळू द्या, मगच पहिलं पाणी. वेगळं करायची घाई नसेल तर झुबका तसाच ठेवा, फक्त मधली जुनी पानं वाळतील तशी काढत जा, नाहीतर पावसाळ्यात ती ओल धरून पिल्लांना कुजवतात.

फुलवण्याची घाई म्हणून पिकलेल्या सफरचंदाबरोबर पिशवीत कोंडण्याचा सल्ला फिरत असतो. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीनने अननसकुळातली झाडं फुलतात हे खरं, पण २० सेंमीच्या झाडाला असं फुलवलं तर दांडा खुरटा येतो आणि पिल्लं पोसायला आईच्या अंगात ताकद नसते.

आमराई

नवीन घेणाऱ्यांसाठी: ही जात साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, कारण व्यापारासाठी रानातून ती ओरबाडली जात होती. ग्वाटेमालात आता ती रोपवाटिकांमध्ये वाढवतात, तीच घ्यावी. आयात करणाऱ्याकडे परवान्याचे कागद असायला हवेत, विचारायला संकोच करू नका. बघताना झाड हातात घ्या: आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे, बुडखा दाबला तर टणक, वास कसलाही नको. रंग लावलेली किंवा चमकी मारलेली घेऊच नका, रंगाखाली खवले बुजलेले असतात.

कौमुदी_ठाणे

तीन दिवस झाले. बुडखा पूर्ण कोरडा आणि टणक आहे, नवीन पान मऊ पडलं नाही. तारेची चुंबळ केली, एक तार आखूड ठेवून तिरकी टांगली, गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात. आजचं वजन १३८ ग्रॅम, कागदावर लिहून ठेवलं आहे. पालिकेचं पाणी वेगळ्या नळाला येतं, ते बादलीत भरून ठेवते. पहिलं पाणी येत्या रविवारी द्यावं का?

माळरान_सोलापूर

रविवार चालेल, सकाळी. पहिल्या वेळी १० मिनिटंच, आणि जिथून पानं काढली ती बाजू वर राहील असं उलटं वाळवा. पूर्ण चंदेरी झाल्यावरचं वजन आजच्या आकड्याशेजारी लिहा. तो आकडा तुमचा पाया. तीन आठवड्यांनी मधलं सर्वांत कोवळं पान मोजपट्टीने मोजा, लांबी वाढलेली दिसली की झाड सावरलं.